दोनशे तेरावी फाल्केनराथ

१

दोनशे बारा माणसांच्या यादीत एक बाई जास्त निघाली, आणि तिच्यापायी मैत्रेयीची नोकरी जायची वेळ आली.

बुधवारी भर दुपारी मैत्रेयी ऑफिसातून घरी आली तेव्हा तिचे वडील, पद्माकर सोहनी, क्लेमेंटी भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये टेबलाशी बसून मेथी निवडत होते. त्यांची बायको जाऊन सहा महिने झाले होते. साताऱ्याच्या घरात एकट्याला करमेना म्हणून ते दोन महिन्यांसाठी लेकीकडे सिंगापूरला आले होते. लेकीचा चेहरा बघून त्यांनी मेथी बाजूला सारली.

"काय गं, बरं नाही का?"

"बाबा, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत राजीनामा द्यायला सांगितलंय. नाही दिला तर काढूनच टाकणार. खोटी नोंद घातली म्हणून."

"घातलीस का?"

"बाबा!"

"विचारावं लागतं. चौतीस वर्षं नगरपालिकेत जन्म, मृत्यू नि लग्नं नोंदवली मी. पहिला प्रश्न हाच असतो."

"नाही घातली."

"झालं तर. आता पाणी पी आणि पहिल्यापासून सांग."

मैत्रेयी क्वीन्सटाउनमधल्या 'वंशपट' नावाच्या छोट्या कंपनीत संपादक होती. पैसेवाल्या घराण्यांचे इतिहास पुस्तकरूपाने काढायचे हा कंपनीचा धंदा. दोन वर्षांपूर्वी वेर्नर फाल्केनराथ नावाचे एक म्हातारे त्यांच्याकडे आले. वय एकोणऐंशी, जन्म सिंगापूरचा, घराणं जर्मन. त्यांना नुसता आपल्या घराचा इतिहास नको होता. गेल्या पाचशे वर्षांत फाल्केनराथ आडनावाची जी जी नाव काढलेली माणसं होऊन गेली, त्या सगळ्यांची यादी त्यांना हवी होती.

पद्माकरांनी ती यादी आल्या आल्याच वाचून काढली होती. त्यांना यादी वाचायची सवयच होती. त्यात सोळाव्या शतकातला एक घड्याळजी होता, ज्याने बांधलेलं गावचं घड्याळ सतत पुढे पळायचं आणि गाव त्याच्यामागे. राजाशी भांडून तीनदा हद्दपार झालेला धर्मोपदेशक होता. जन्मभर शेवाळाची चित्रं काढणारी एक बाई होती. पुलांचा इंजिनियर, बुद्धिबळपटू, होडी वल्हवणारे दोघे भाऊ. बहुतेकांचं एकमेकांशी काही नातंही नव्हतं. आडनाव तेवढं एक. तरी एकामागून एक वाचताना पद्माकरांना वाटत होतं, की एका लांबलचक पंगतीत बसलेली ही माणसं आहेत आणि कुणीच कुणाला ओळखत नाही.

"शुक्रवारी मी यादी बंद केली," मैत्रेयी सांगत होती. "शेवटची, दोनशे बारावी नोंद खुद्द वेर्नरसाहेबांची. सोमवारी प्रूफ त्यांच्याकडे गेलं. मंगळवारी त्यांची मेल आली. ही दोनशे तेरावी बाई कोण? आणि बाबा, मी उघडून बघते तर खरंच दोनशे तेरा! नोंद शनिवारी झालीये. माझ्या लॉगिनवरून."

"कागद?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. ज्याचा कागद, त्याचीच नोंद, हा त्या पुस्तकाचा नियम होता. प्रत्येक नोंदीच्या क्रमांकाचं एक प्लॅस्टिकचं पाकीट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असे आणि त्यात मूळ पुरावा.

"दोनशे तेरा नंबरचं पाकीट आहे. रिकामं."

तिने फोनवर ती नोंद उघडून वडिलांपुढे धरली. पद्माकरांनी चष्मा लावला.

*नाव: मार्था ऑटो फाल्केनराथ. जन्म: १८६८. मृत्यू: १९३१, सिंगापूर. शिक्षण: सुईणकाम, हिंदुस्थान, १८९४. कार्य: सिंगापुरात सुमारे चारशे सुइणी तयार केल्या. वडील: माहिती नाही. पती: माहिती नाही.*

"जर्मनीतल्या एका जाणकाराला वेर्नरसाहेबांनी विचारलं," मैत्रेयी म्हणाली. "त्याने कळवलं, ऑटो हे पुरुषाचं नाव. जर्मन बाईचं मधलं नाव ऑटो असूच शकत नाही. ही बाई कुणीतरी रचलेली आहे."

पद्माकरांनी फोन हातात घेतला. त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. मार्था, ऑटो, फाल्केनराथ. बाईचं नाव, मग पुरुषाचं, मग आडनाव. आयुष्यभर त्यांनी अशी हजारो नावं लिहिली होती. स्वतःचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव.

हे नाव जर्मन माणसाच्या हातचं नव्हतं. हे नाव आपल्याकडच्या माणसाच्या हातचं होतं. आणि ते लॉगिन मैत्रेयीचं होतं.

२

गुरुवारी सकाळी पद्माकरांनी लेकीला काहीच विचारलं नाही. ते तिच्याबरोबर बसने क्वीन्सटाउनला गेले आणि ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, बसून राहिले. दहाच्या सुमाराला निमिष कॉफी प्यायला आला. हा पुण्याचा मुलगा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्या पासची, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायच्या परवान्याची, मुदत दोन महिन्यांत संपत होती आणि शैलेंद्रने, म्हणजे मालकाने, नूतनीकरणाचं अजून काही सांगितलं नव्हतं, हे मैत्रेयीने बसमध्ये सांगितलं होतं.

"या काका," निमिषने कप पुढे केला. "मला माहितीये तुम्ही का आलात. मैत्रेयी गेली की तिची जागा मला मिळणार, तेव्हा मीच चोर. बरोबर?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"म्हणून तर भीती वाटते. आमचे बाबाही असेच गप्प बसायचे. मग एकदम पट्टी काढायचे."

पद्माकरांना हसू आलं. "बरं, मग सांग. मैत्रेयीचं लॉगिन तुला ठाऊक आहे?"

निमिषने इकडेतिकडे बघितलं. "काका, हे बाहेर बोलू नका हं. त्या सॉफ्टवेअरचं एका माणसाचं भाडं बक्कळ आहे. म्हणून सरांनी एकच लॉगिन घेतलंय. मैत्रेयीच्या नावाचं. वापरतो सगळेच."

"सगळेच म्हणजे?"

"मी, सर, मैत्रेयी. पासवर्ड फळ्यावर लिहिलाय आमच्या. अलिबाबाच्या गुहेलासुद्धा याहून जास्त सिक्युरिटी होती."

"मग हे तू वेर्नरसाहेबांना सांगितलं का नाहीस? मैत्रेयीवरचा संशय निम्मा गेला असता."

निमिषने कप फिरवला. "सरांनी सांगितलं, की हे वेर्नरसाहेबांसमोर निघालं तर सगळ्यांच्याच पासचं अवघड होईल. दगडाखाली हात आहे काका. मी काय करू?" त्याने आवाज खाली आणला. "पण मी नाही घातली ती बाई. मला मुळात सुईण म्हणजे काय हेच गूगल करावं लागलं."

"आणि पाकिटातला कागद? तो कोण काढू शकतं?"

"ड्रॉवरला कुलूप नसतं. सोमवारी संध्याकाळी स्वतः म्हातारबाबासुद्धा आले होते. अर्धा तास ड्रॉवरपाशी बसून होते. त्यांना सगळं बघायची मुभा आहे. शेवटी पुस्तक त्यांचं."

पद्माकर कॉफी संपवून उठले. निमिष मागून म्हणाला, "काका, एक सांगू? आता वर जाऊ नका. म्हातारबाबा आत्ताच आलेत. फार तापलेत."

पद्माकर वर गेले.

३

शैलेंद्र पंचेचाळिशीचा, घाईचा माणूस होता. त्याने पद्माकरांना काचेच्या खोलीत बसवलं.

"काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे घरगुती प्रकरण नाही. ते नाव वाचलंत ना तुम्ही? तुमच्या लक्षात आलं असेलच."

"आलं."

"माझ्याही लगेच आलं. मार्था ऑटो! ही आपल्याकडची पद्धत. निमिषला जर्मन माणसांत रस नाही. मी स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेईन? उरलं कोण?"

"तिने का करावं असं?"

"यादीत बायका कमी आहेत, असं ती दोन वर्षं कुरकुरत होती. दोनशे बारात एकोणीस. वाटलं असेल, घालावी एक." तो खाली बघून बोलला. "मी पोलिसात देत नाहीये, हे लक्षात घ्या. राजीनामा देऊ दे, महिनाभरात भारतात परत जाऊ दे. गाजावाजा नको."

"आणि तिकडे तिला यादीचं काम कोण देईल?"

तेवढ्यात दार उघडून वेर्नर फाल्केनराथ आत आले. उंच, काठी धरलेले, शर्टाला कडक इस्त्री. पद्माकरांचं इंग्रजी सरकारी होतं, पण बोलायला पुरेसं होतं.

"मी तिचा बाप," ते उभे राहून म्हणाले.

"मला वाईट वाटतं," वेर्नर म्हणाले. "तुमची मुलगी हुशार आहे. पण दोन वर्षं मी खऱ्या माणसांसाठी वाट बघितली. त्यात एक खोटी बाई मिसळली तर उद्या लोक घड्याळजीवरही विश्वास ठेवणार नाहीत."

"ती खरी असली तर?"

"कागद कुठे आहे मग?" म्हाताऱ्यांचा आवाज चढला. "कागद नाही, कारण बाई नाही! माझ्या आजोबांच्या ट्रंका मी विश्वासाने दिल्या. उद्या तुम्ही म्हणाल, अस्तर फाडलं आणि आतून राणी निघाली. अस्तरामागून काहीही काढता येतं, साहेब."

ते काठी आपटत निघून गेले. शैलेंद्रने कपाळ पुसलं.

काचेपलीकडच्या फळ्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत पासवर्ड लिहिलेला होता. त्याच्या अगदी खाली एक स्कॅनरचं टेबल होतं. खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीवर बायकी स्वेटर होता.

"इथे कोण बसतं?" पद्माकरांनी विचारलं.

"पर्ल कोह. जुने कागद स्कॅन करते. तिचा नवरा आजारी आहे, रविवारपासून रजेवर आहे. तिचा काही संबंध नाही काका. ती फक्त स्कॅन करते."

४

दुपारी बापलेक दोघं खालच्या बाकावर बसले. मैत्रेयीने डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"बाबा, तुम्हालाही वाटतं ना मीच केलं म्हणून? काल रात्रीपासून तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात."

पद्माकरांना खोटं बोलता येत नसे. "वाटलं होतं. ते नाव आपल्या माणसाच्या हातचं आहे, म्हणून वाटलं."

तिचे डोळे भरले. तिने डब्याचं झाकण लावलं.

"पुन्हा दाखव बरं ती नोंद," ते म्हणाले.

त्यांनी ती सावकाश वाचली. अर्जावर बोट फिरवावं तसं बोट फिरवत एकेका रकान्यावरून गेले. शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला. मग एकदम म्हणाले, "मी गाढव आहे."

"काय झालं?"

"मैत्रेयी, तुझं पूर्ण नाव काय?"

"मैत्रेयी पद्माकर सोहनी."

"यातला पद्माकर कोण?"

"बाबा, हे काय?"

"सांग की."

"तुम्ही!"

"हे तुला कुणी शिकवावं लागलं का? नाही. कुठल्याही मराठी माणसाला बाईचं मधलं नाव वाचलं की ते कुणाचं हे कळतं. बापाचं, नाहीतर नवऱ्याचं. दुसरं असूच शकत नाही. मग मार्था ऑटो असं नाव आपल्यापैकी कुणी रचलं असतं, तर खालचे रकाने त्याने कसे भरले असते?"

मैत्रेयी फोनकडे बघायला लागली. "पती: ऑटो," ती हळूच म्हणाली.

"किंवा वडील: ऑटो. इथे दोन्हीकडे काय आहे? माहिती नाही. माहिती नाही! ज्याने ही नोंद केली त्याला ऑटो कोण हे ठाऊकच नव्हतं. त्याला ते तिचंच दुसरं नाव वाटलं. म्हणजे तू नाहीस, निमिष नाही, शैलेंद्रही नाही."

"पण मुद्दाम फसवायला कुणी रकाना रिकामा सोडला असेल तर?"

"फसवणारा ऑटो कशाला लिहील? त्या एका नावानेच तर सगळं बिंग फुटलं. नाही गं. लिहिणाऱ्याला जर्मन नावंही कळत नव्हती आणि आपली पद्धतही. त्याने समोर होतं ते जसंच्या तसं उतरवलं."

"समोर होतं म्हणजे…"

"म्हणजे समोर कागद होता. आणि त्या कागदावर नाव लिहिणारा होता आपल्याकडचा कुणीतरी कारकून. सव्वाशे वर्षांपूर्वीचा. माझाच भाऊबंद. त्याच्या टेबलाशी मार्था आली असेल, त्याने नवऱ्याचं नाव विचारलं असेल आणि आपल्या सवयीने मधे ठोकून दिलं असेल." पद्माकर उभे राहिले. सहा महिन्यांत प्रथमच त्यांना कुठेतरी जायची घाई झाली होती. "ती बाई खरी आहे मैत्रेयी. ऑफिसात जर्मन नसलेलं आणि मराठीही नसलेलं कोण आहे?"

५

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बापलेक पोचले तेव्हा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर पर्ल कोह पेपर कपातून सोयाबीनचं दूध पीत बसली होती. साठीची, बुटकी, डोळ्यांखाली काळं. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

मैत्रेयीने दोनशे तेराव्या नोंदीचं विचारलं आणि पर्लने लगेच मान हलवून आपल्या सिंगापुरी लकबीत सांगितलं.

"हो, मीच टाकलं लाह! शनिवारी. तू नव्हतीस. मी म्हटलं, सोमवारी तू चेक करशीलच. रविवारी नवरा पडला, मग मला कशाचीच शुद्ध नाही. का? चुकलं काय?"

"माझी नोकरी जातेय पर्ल आंटी."

पर्लने कप खाली ठेवला. "आयो! मला कोणी फोन पण नाही केला!"

"कारण तुम्ही फक्त स्कॅन करता," पद्माकर म्हणाले.

पर्लने त्यांच्याकडे बघितलं आणि कडवट हसली. "अंकल, पंचवीस वर्षं सगळे हेच म्हणतात."

मग तिने सांगितलं. शनिवारी ती चौथी ट्रंक परत पाठवण्याआधी पुसत होती. आतलं कापड एका कोपऱ्यात फुगलं होतं. तिने टाके उसवले. मागे एक प्रमाणपत्र होतं, पुण्याच्या कुठल्या तरी इस्पितळाचं, आणि त्याला टाचलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. कात्रणात बाईच्या मरणाची बातमी आणि तिने शिकवलेल्या चारशे सुइणींचा उल्लेख. पर्लने नोंद केली, कागद दोनशे तेरा नंबरच्या पाकिटात घातला.

"त्या प्रमाणपत्रावर आणखी काही होतं?"

"खाली एक ओळ होती. इंडियन अक्षरं. मला वाचता नाही येत."

"ट्रंकेच्या अस्तरातून निघाला, हे तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही. मी कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं. ट्रंक चार, अस्तर. नेहमी लिहिते."

"आणि नोंदीत?"

"नोंदीत नाही. तिथे त्याला रकानाच नाही."

पद्माकरांना एकदम एक वाक्य आठवलं आणि त्यांनी ते मैत्रेयीला सांगितलं. काल काचेच्या खोलीत एक माणूस अस्तराबद्दल बोलला होता. अस्तराची गोष्ट ठाऊक असायला त्याने तो कागद उलटून बघितलेला असायला हवा होता.

"बाबा, वेर्नरसाहेबांचं घर इथून दहा मिनिटांवर आहे," मैत्रेयी म्हणाली. "पण ते कशाला स्वतःच्या पुस्तकाचा कागद चोरतील?"

"तेच विचारू," पद्माकर म्हणाले. "फाडला नसेल तर."

६

वेर्नर फाल्केनराथनी दार स्वतः उघडलं. मैत्रेयीला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी दोघांना आत घेतलं.

पद्माकर बसले नाहीत. "साहेब, काल तुम्ही अस्तर म्हणालात. तो कागद ट्रंकेच्या अस्तरातून निघाला, हे फक्त कागदाच्या पाठीवर लिहिलेलं आहे."

वेर्नर खिडकीकडे वळले. नाकारतील, असं मैत्रेयीला वाटलं. मग ते आतल्या खोलीत गेले आणि एक पाकीट घेऊन आले.

"माझ्या आजोबांचं नाव ऑटो," ते म्हणाले. "यादीत पाच ऑटो आहेत, त्यातले चौथे. वडिलांनी मला सांगितलं होतं, की त्यांची आई जर्मनीतल्या ल्युबेकची, मोठ्या घरची, आणि वडील जन्मताच ती वारली. तिचा एकही फोटो नाही. सोमवारी मी हा कागद बघितला. त्या जर्मन जाणकाराला कळलं नाही, पण मला कळलं. मार्था, ऑटोची. पुण्याची सुईण. मरण १९३१. त्या वर्षी माझे वडील तेहतीस वर्षांचे होते. म्हणजे तेहतीस वर्षं आई याच शहरात होती, आणि त्यांनी मला सांगितलं ती मेली." ते खाली बसले. "एकतर माझा बाप खोटं बोलला, नाहीतर हा कागद. मी कागदाला खोटं ठरवलं."

"आणि मला," मैत्रेयी म्हणाली.

"हो. तुलाही."

"मग फाडला का नाहीत?" पद्माकरांनी विचारलं.

वेर्नरनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. इंग्रजी छपाई, शाईने भरलेलं नाव, आणि अगदी तळाला मराठीतली एक ओळ. अक्षर जपून काढलेलं.

"फाडणार होतो. पण ही एक ओळ मला वाचता येईना. चार दिवस मी ती बघतोय. दुसऱ्या कुणाला दाखवायची हिंमत झाली नाही. ती काय म्हणतेय, हे कळल्याशिवाय कसं फाडू?"

पद्माकरांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि मोठ्याने वाचलं.

"शिकावयास आली ती तुळसा. ही मार्था तीच."

मग त्यांनी इंग्रजीतून अर्थ सांगितला. "ती शिकायला आली तेव्हा तुळसा होती. शिकता शिकता तिचं लग्न झालं, नाव बदललं. हजेरीत एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं. कारकुनाने अडवलं असेल. अशा वेळी आम्ही माणसाकडून लिहून घेतो, की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. मी स्वतः अशी हजारो घेतली."

"तुळसा," वेर्नरनी म्हणून बघितलं. त्यांच्या तोंडात ते नाव नीट बसेना. "तिला कोणत्या नावाने हाक मारत असतील?"

पद्माकर आता बसले.

"माझी बायको लग्नाआधी विभा होती. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने मालती लिहिलं. एकेचाळीस वर्षं ती मालती होती. मार्चमध्ये ती हॉस्पिटलात होती. शेवटच्या दिवशी मी मालती, मालती म्हणून हाका मारत होतो, तर तिने डोळे उघडले नाहीत. तिचा भाऊ आला, विभा म्हणाला, आणि तिने बघितलं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "नंतर मृत्यूच्या नोंदीचा अर्ज मी भरला. तो परत आला. शाळेच्या दाखल्यावर विभा, आधारवर मालती. चौतीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत केले, आणि माझा परत आला. मग मलाच लिहून द्यावं लागलं, की या दोन्ही नावांची बाई एकच होती. लिहिताना मला खात्री नव्हती. मी त्यातल्या एकीलाच ओळखत होतो."

मैत्रेयीने हे कधी ऐकलं नव्हतं. ती वडिलांकडे बघत राहिली.

"तुमच्या वडिलांनी का लपवलं, मला ठाऊक नाही," पद्माकर म्हणाले. "कदाचित कधी कळणारही नाही. पण त्या बाईने स्वतः काही लपवलं नाही. ती दोन्ही नावं लिहून गेलीय."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

७

वेर्नरनी फोन उचलला आणि परत ठेवला.

"मी सांगतो, कागद सापडला म्हणून. ट्रंकेखाली पडला होता असं सांगतो. तुझी नोकरी राहील."

मैत्रेयी हो म्हणणार होती. तिच्या चेहऱ्यावर सुटकेची खूण दिसली. पण पद्माकरांनी मान हलवली.

"सापडला म्हणालात, तर मैत्रेयीने भिऊन परत ठेवला असं ते म्हणतील. तिच्यावरचा डाग तसाच राहील. कुणी नेला होता ते सांगा."

"माझ्या वयाला…"

"माझी मुलगी चौतीस वर्षांची आहे. तिला अजून पुष्कळ वर्षं लोकांची नावं लिहायची आहेत."

म्हाताऱ्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर ठेवला.

"शैलेंद्र, फाल्केनराथ बोलतोय. दोनशे तेरा नंबरचा कागद माझ्याकडे आहे. सोमवारी तू कॉफी आणायला गेलास तेव्हा मी तो खिशात घातला. ती बाई माझी आजी. तुझ्या संपादक बाई खऱ्या आहेत, मी खोटं बोललो. हे मी लेखी पाठवतोय."

मग शैलेंद्रचा आवाज आला, एकदम मऊ. "मैत्रेयी आहे का तिथे? मैत्रेयी, अगं, तू ये लगेच. राजीनाम्याचं विसरून जा. गैरसमज झाला."

"येते," मैत्रेयी म्हणाली. "पण सर, आजपासून प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. पर्ल आंटींचंसुद्धा."

"अगं, खर्च बघ की…"

"मी भरीन," वेर्नर म्हणाले.

"मग काय, प्रश्नच मिटला," शैलेंद्र घाईघाईने म्हणाला. "फक्त एक सांग. प्रेसला दुपारी फाइल द्यायचीये. त्या दोनशे तेराव्या नोंदीच्या शेवटी जबाबदार म्हणून कुणाचं नाव घालू? सध्या तुझंच दिसतंय, लॉगिनमुळे. ते काढून टाकतो."

दोन दिवस तेच नाव तिच्या गळ्यातला फास झालं होतं. मैत्रेयीने प्रमाणपत्र जवळ ओढलं आणि आपल्या फोनवर ती नोंद उघडली. तिने वेर्नरना आजोबांची जन्मतारीख विचारली, ती पडताळली, आणि पतीच्या रकान्यात ऑटो लिहिलं. पूर्वीचं नाव म्हणून नवा रकाना केला आणि त्यात तुळसा घातलं. मग तिने वेर्नरकडे बघितलं.

"वंशजांत कुणाला घालू?"

"नातू," म्हातारे म्हणाले. "वेर्नर. माझी नोंद तिच्या आधी येते का?"

"नाही. जन्माप्रमाणे लावली की ती तुमच्या खूप आधी जाते."

"बरं," ते म्हणाले. "तसंच हवं."

फोनवर शैलेंद्र अजून थांबला होता. "काय घालू मैत्रेयी? नाव काढू ना?"

"काढू नका," ती म्हणाली. "शोधलं कुणी, तर पर्ल कोह. आणि जबाबदार माझंच राहू दे. पूर्ण लिहा. मैत्रेयी पद्माकर सोहनी."